नोझल चकचकीत, तरी स्वॅब फेल

“ही अळीच आहे मॅडम, मला शिकवू नका. आणि जिने ती ग्लासात जाऊ दिली, ती बाई उद्यापासून या काउंटरमागे दिसणार नाही.”

देशमाने सर मोबाईल माझ्या नाकासमोर धरून बोलत होते. ते आमचे एरिया मॅनेजर. सकाळी पुण्याहून निघून तडक मिरजगावला आले होते, चहासुद्धा न घेता. सोलापूर हायवेला आमच्या कंपनीचं बर्गर-फ्राइज-कोल्ड्रिंकचं दुकान आहे, तिथल्या किचनमध्ये आम्ही उभे होतो. मोबाईलवर व्हिडिओ चालू होता. प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास, त्यात बर्फ, बर्फाखाली लोंबणारं काळं, लिबलिबीत काहीतरी. “बघा, आपल्या लेकरांना काय पाजतात हे लोक,” असा एका माणसाचा तापलेला आवाज. आणि मागे काउंटरवर डोक्याला कंपनीची टोपी घातलेली, भेदरलेली मंगल.

त्या माणसाच्या मुलीने अर्धा ग्लास संपवला होता. घरी गेल्यावर तिला उलट्या झाल्या. आता ती बरी होती, पण व्हिडिओ तोवर कर्जत तालुकाभर फिरला होता.

मी साळवे. राहायला नगरला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेची सवय जाता जात नाही. आधी बरीच वर्षं दूध डेअरीच्या लॅबमध्ये काढली. आता या कंपनीत हायजीन ऑडिटर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मला हे काम आवडतं आणि मी ते चांगलं करते. हे मी स्वतःच सांगितलेलं बरं, कारण आमच्या धंद्यात सगळं ठीक असलं की ऑडिटरची आठवण कुणाला येत नाही.

“सर, ही अळी नाही,” मी म्हणाले. “अळी असती तर बरं झालं असतं. अळी एकटी असते. ही अख्खी वसाहत आहे.”

हे जरा समजावून सांगते. कोल्ड्रिंकच्या मशीनखाली आपण ग्लास धरतो तेव्हा वाटतं, आत कुठेतरी तयार कोल्ड्रिंकची टाकी असेल. तसं नसतं. एका बाजूने घट्ट सिरप येतं. दुसऱ्या बाजूने गॅस भरलेलं गार पाणी येतं. दोघांची गाठ पडते ती अगदी शेवटी, तोटीत. या तोटीला आम्ही नोझल म्हणतो. जागा अंगठ्याएवढी. आत ओल, अंधार आणि साखर. बुरशीला आणखी काय लागतं? ती तिथे बसते, तिचा बुळबुळीत थर जमतो, थर वाढून लोंबायला लागतो आणि एक दिवस सुटून कुणाच्या तरी ग्लासात पडतो. म्हणून नोझल रोज काढून, घासून, सॅनिटायझरमधून काढून धुवायचे असतात. तसा चार्ट प्रत्येक दुकानात भिंतीवर लावलेला असतो.

“म्हणजे रोज धुतलं नाही. मी तेच म्हणतोय ना!” सर म्हणाले.

“रोज धुती मी, सर,” मंगल म्हणाली. “आईच्यान रोज धुती.”

मंगल इथली शिफ्ट इन्चार्ज. मिरजगावच्या पुढे एका वस्तीवर राहते. फरशी पुसायला म्हणून लागली आणि आता सगळं दुकान हाकते. मी तिला मधूनमधून ऑडिटला भेटायची तेव्हा किचन कायम आरशासारखं असायचं. पण ऑडिटला आरसा सगळेच दाखवतात, त्यामुळे तिची बाजू घ्यायला मी काही धावले नाही. आधी पाना मागितला.

पहिला नोझल काढून उजेडात धरला. चकचकीत! दुसरा काढला, तोही तसाच.

“व्हिडिओनंतर घासले असतील,” सर म्हणाले.

“नाही. हे बघा.” नोझल जिथे फिरवून बसतो तिथे आटे असतात. रोजची साफसफाई नसेल तर आट्यांत जुनी साखर पिवळी पडून दगडासारखी बसते. ती एका रात्रीत घासून निघत नाही. इथे आटे स्वच्छ होते. घासायच्या ब्रशचे केस झिजून पार आडवे झाले होते. हे सगळं रोज घासल्याशिवाय होत नाही.

मग मी स्वॅब घेतला. स्वॅब म्हणजे कापूस लावलेली काडी. ती आत फिरवायची, तिच्या नळीत परत घालायची आणि हातातल्या मीटरमध्ये ठेवायची. डोळ्यांना न दिसणारी घाण मीटर आकड्यात सांगतो. आकडा आला आणि तो सपशेल फेल होता. टॉर्च मारून मशीनच्या तोंडात पाहिलं तर नोझलच्या वर असलेल्या चकतीमागे, जिथे ब्रश पोचत नाही, काळ्या थराची बारीकशी रेघ दिसली.

दिसायला स्वच्छ, आणि आतून ही दशा. माझं डोकंच चालेना.

“उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो,” सर म्हणाले. “नगरला मुक्काम करतो. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर तिचं लेटर तयार आहे.”

सर बाहेर गेल्यावर मंगल म्हणाली, “मॅडम, काडायचं त्ये काडू द्या. दुसरीकडं काम बगन मी. पन लेकरांना अळ्या पाजल्या म्हनून काडलं, आसं नगं व्हाया. आमच्या सासूबाई आदीच म्हनत हुत्या, हाटेलात नगं जाऊ. आता म्हनत्यात, गावात तोंड दाखवाया जागा न्हाई ठिवली तू.”

नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण त्या व्हिडिओतला चेहरा घेऊन ती आयुष्यभर त्याच वस्तीवर राहणार होती. मी मनाशी म्हटलं, साळवेबाई, आता तुमची अक्कल चालवा.

मी मशीनच्या मागून सुरुवात केली. पाण्याचा फिल्टर तपासला, ठीक होता. फिल्टरनंतरच्या पाण्याचा स्वॅब पास. बर्फाची पेटी पास. सिरपच्या नळ्या जिथे जोडतात ती तोंडं पास. म्हणजे घाण कुठून वाहत येत नव्हती, ती नोझलमध्येच जन्माला येत होती.

“आता माझ्यासमोर धू,” मी मंगलला म्हणाले.

तिने धुतलं. अहो, काय धुतलं! चार्टमधली एक ओळ चुकली नाही. घासणं, सॅनिटायझर, मग भरपूर ताज्या पाण्याने खळखळून धुणं. धुतलेल्या नोझलचा स्वॅब घेतला तर पास. अगदी चोख.

सरांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग झालं की! धुतलं की पास होतं. म्हणजे रोज धुवत नव्हती. माझंच खरं निघालं.”

मी फोन ठेवला आणि जरा जोरातच ठेवला. मला भयंकर राग आला होता. सरांचा थोडा, आणि त्या मशीनचा जास्त. कारण आटे खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना मी दारात हजर होते. एकही ग्लास भरायच्या आत स्वॅब घेतला. फेल! आदल्या दुपारी माझ्या डोळ्यांदेखत पास झालेला नोझल सकाळी फेल.

“रात्री बंद करताना काय केलंस?”

“रोजचंच. धुतलं.”

“काल दुपारी धुतलंस तसंच?”

“व्हय.” पण या ‘व्हय’च्या आधी ती किंचित थांबली होती. डेअरीत पाणी घातलेलं दूध आणणाऱ्या माणसांची असली थांबणी मी हजार वेळा पाहिलेली आहेत.

मी खुर्ची ओढली आणि बसले. “मंगल, असं समज की आता दुकान बंद करायची वेळ झालीये आणि मी इथे नाही. रोज करतेस तसं कर.”

तिने नोझल काढले. घासले. सॅनिटायझरमधून काढले. नळ सोडला. आणि मग सिंकखाली वाकता वाकता मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

“काय झालं?”

“काय न्हाई.”

“मंगल, मी पाहुणी नाही. माझ्यासाठी नवीन चादर काढू नकोस. रोजची दाखव.”

तेव्हा तिने सिंकखालून बादली ओढली. रंगाची पांढरी बादली, घासून घासून लख्ख केलेली. वर घट्ट झाकण, झाकणावर स्वच्छ फडकं. झाकण काढलं तर आत पाणी. वरवर बघता नितळ.

“हे कसलं पाणी?”

“धुतल्यावरचं. शेवटी नळ सोडून नोझल खळखळायचे म्हन्तात ना चार्टमदी, आन् त्ये पानी गटरीत सोडायचं. मी गटरीत न्हाई सोडत. हितं धरती. रात्री नोझल ह्याच्यात बुडवून ठिवती, म्हंजी चांगले भिजत्यात. आन् सकाळी बसवती.”

“रोज?”

“रोज. मॅडम, फिल्टरचं पानी हाय त्ये! आमी वस्तीवर टँकरच्या मागं पळतो. चांगलं पानी असं डोळ्यांदेखत गटरीत सोडायचं? माझ्याच्यानं न्हाई व्हत.”

“मग मला काल का नाही सांगितलंस?”

“तुमी शिकलेल्या. म्हनलं, हसत्याल, की ही बाई उष्टं पानी सांभाळती.”

मी कपाळावर हात मारला. मग बादलीत स्वॅब बुडवला आणि मीटरमध्ये ठेवला. आकडा असा वर गेला की मीटर बिघडला की काय असं वाटलं. दुसरा स्वॅब घेतला, तरी तेच.

झालं काय होतं, ते ऐका. नोझल धुताना थोडी साखर निघते, थोडी बुरशी निघते. ती त्या पाण्यात. वर झाकण, आणि दिवस उन्हाळ्याचे. पाणी कमी पडलं की मंगल त्यातच नवीन टाकायची, सगळं कधीच ओतायची नाही. मी डेअरीतली बाई, मला हे लगेच कळलं. ते विरजण होतं! दह्यासाठी आपण जुनं थोडं राखून नव्या दुधात घालतो, तसंच. घासून स्वच्छ केलेल्या नोझलना रोज रात्री ती अगदी मायेने बुरशीचं विरजण लावत होती, आणि ब्रश न पोचणाऱ्या त्या चकतीमागे ते वाढत होतं. दिवसा मी समोर बसले तेव्हा तिने नोझल फक्त ताज्या पाण्याने धुतले, बादलीत बुडवले नाहीत, म्हणून पास झालं.

मंगलला मी स्पष्ट सांगितलं. “चूक तुझीच आहे. त्या पोरीच्या पोटात हेच गेलंय.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “माज्यामुळं?”

“तुझ्यामुळे. पण तू आळस केलेला नाहीस, हेही तितकंच खरं आहे. आणि ते मी सांगणार आहे.” ती तोंडाला पदर लावून रडली. मी रडू दिलं. रडण्यासारखंच होतं ते.

दुपारी सर आले. सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. “छान. कारण मिळालं. चार्टचं उल्लंघन केलं, स्वतः कबूल केलं. लेटर देतो.”

“सर, गाडी काढा. जामखेडला जायचंय.”

“आता तिथे काय आहे?”

“आपलं दुसरं दुकान आहे. पुढचं गाडीत बसल्यावर सांगते. आणि आपण येतोय असा फोन करायचा नाही.”

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, “जामखेडच्या सिंकखाली बादली नसेल तर मंगलला लेटर तुम्ही द्या, आणि सोबत माझा राजीनामा घेऊन जा.” मला खात्री होती का? खरं सांगायचं तर नव्हती. पण हा भाग मला माहीत आहे. इथे लोक पाहुण्याला चहा दोनदा विचारतात आणि पाणी पेला अर्धा भरून देतात. लागलं तर परत घ्या म्हणतात. उरलेलं टाकून द्यावं लागू नये म्हणून. अशा ठिकाणी माणसाला सांगायचं की नळ सोड आणि गटारात वाहू दे!

जामखेडला इन्चार्ज आहे सोमनाथ. हसतमुख माणूस. एरिया मॅनेजर अचानक आले म्हणून तो आनंदानेच पुढे आला. मी आडवळण न घेता विचारलं, “सोमनाथ, नोझल धुतल्यावरचं पाणी कुठे जातं?”

त्याची छाती फुगली. “वाया जाऊ देत नाय मॅडम. थेंबसुदिक नाय.” आणि त्याने सिंकखालून बादली काढली. मग मागून आणखी एक काढली. दोन्हीवर झाकण. “सर, मी तर सगळ्यांना सांगून ठिवलंय, गटारीत पानी सोडलं की माझ्याशी गाठ हाय.” तो सरांकडे शाबासकीच्या अपेक्षेने बघत होता.

मी स्वॅब घेतला. फेल. मीटर सरांच्या हातात दिला. माझा जीव मात्र भांड्यात पडला होता.

सरांनी वाकून दोन्ही बादल्यांत बघितलं. मग म्हणाले, “या लोकांनी चार्ट वाचला नाही का?”

“वाचला. पाठ आहे त्यांना. पटला नाही.”

“मग मी आजच ऑर्डर काढतो. बादली बंद.”

“तुमच्यासमोर बंद होईल सर. तुमची गाडी हायवेला लागली की परत सिंकखाली जाईल. इथून दोघांना काढलंत तर तिसरा येईल, तोही याच भागातला असेल आणि तोही बादली घेऊन येईल. माणसं बदलून हे सुटणार नाही.”

“मग कशाने सुटेल?”

हे मला गाडीतच सुचलं होतं, आणि सुचलं तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. “पाणी वाया जातंय असं त्यांना वाटणारच नाही, अशी सोय करायची. सिंकच्या खालून पाइप काढायचा, आणि धुण्याचं पाणी सरळ टॉयलेटच्या फ्लशच्या टाकीत न्यायचं. फ्लशला नाहीतरी आपण चांगलंच पाणी घालतोय. नोझल पाण्यात बुडवून ठेवायचेच नाहीत, जाळीवर उपडे घालून कोरडे करायचे. ओल गेली की बुरशीचा बाजार उठला.”

सरांनी तिथूनच हेड ऑफिसला फोन लावला. पलीकडून कुणीतरी ड्रॉइंग, अप्रूव्हल, बजेट असलं काहीबाही बोलत होतं. सर एकदम म्हणाले, “अहो, तुम्ही तिकडे नळ सोडून चार्ट लिहिता! इथे येऊन बघा जरा.” मी तोंड फिरवून हसून घेतलं. मघापर्यंत तेही त्याच चार्टवर हात ठेवून शपथ घेत होते. पण माणूस वळला की त्याला चिमटे काढू नयेत, म्हणून गप्प बसले.

मिरजगावच्या प्लंबरने पाइप टाकून दिला. मशीन पूर्ण खोलून आम्ही जुना थर काढला, चकत्या नव्या घातल्या. मी सकाळी, दुपारी, न सांगता, मनात येईल तेव्हा जाऊन स्वॅब घेतले. पास, पास, पास. सर स्वतः त्या मुलीच्या घरी गेले, तिच्या वडिलांची माफी मागितली आणि कारण जसं होतं तसं सांगितलं. ते वडील दोन शब्द रागाचे बोलले, आणि मग त्यांनी व्हिडिओखाली कारण सापडल्याचं लिहिलं. मंगलचं लेटर निघालं नाही. तिला समज मिळाली, ती मिळायलाच हवी होती. आता नवीन येणाऱ्यांना नोझल धुवायला तीच शिकवते, आणि बादलीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते.

कोरड्या भागातल्या सगळ्या दुकानांना कंपनीने आता नवीन चार्ट दिलाय. त्याच्या तळाशी माझं नाव आहे. सरांनी विचारलं, “घालू का?” मी म्हणाले, “घालाच. आणि स्पेलिंग नीट बघा.”

मध्यंतरी मी मिरजगावला गेले होते. दुपारची वेळ होती. काउंटरसमोर एक म्हातारी उभी होती, नऊवारी, डोक्यावरून पदर. मंगलची सासू. या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. मंगलने लिंबू सोड्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला. म्हातारीने ग्लास उचलला, उजेडाला धरून पाहिला आणि परत खाली ठेवला.

आता म्हातारी चारचौघांत अळीचं काढणार, असं मला वाटलं.

“ह्ये मिशीन धुती, त्ये पानी कुठं जातं गं?” म्हातारीने विचारलं.

मंगलने तिला हात धरून आत नेलं आणि पाइप दाखवला, पार टाकीपर्यंत. म्हातारीने पाइपवर हात फिरवला, वाकून टाकीत बघितलं. बाहेर येऊन सगळा ग्लास एका दमात संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

“चांगलं ठिवलंय दुकान,” ती सुनेला म्हणाली. “अजून वाईच दे.”

तेव्हापासून मी कुठल्याही नव्या दुकानात ऑडिटला गेले की चार्ट नंतर बघते. आधी सिंकखाली वाकते.